तिसरी दवंडी

न सांगता एकही गोष्ट बंद न करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि एकच आहे ते बरं आहे. असे दोन असते तर सगळं जग नुसत्या सूचना ऐकत बसलं असतं आणि कामं कुणी केलीच नसती. हा माणूस म्हणजे आमच्या ऑफिसातले काका. ऑफिसचे मालकही तेच आणि चहात आलं किती घालायचं ते ठरवणारेही तेच. त्यांच्या खुर्चीमागे खिळ्याला एक पितळी थाळी टांगलेली असते. काहीही बंद करायचं झालं की काका ती खाली काढतात, चमच्यानं बडवतात आणि जुन्या काळी गावात देत तशी दवंडी देतात. एकदा नाही, तीनदा. मधे महिने जाऊ देतात, कारण त्यांच्या मते पहिल्यांदा माणसाला ऐकू येतं, दुसऱ्यांदा पटतं आणि तिसऱ्यांदा तो तयारीला लागतो. तीन दवंड्या झाल्याशिवाय काकांच्या राज्यात पानही गळत नाही. वाढलेल्या मिशा काढायच्या तर त्याची दवंडी त्यांनी आपल्या सोसायटीच्या जिन्यात तीनदा दिली. दुसरीनंतर वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी मुदतवाढ मागितली, नातीच्या लग्नाच्या फोटोत मिशा हव्यात म्हणून. काकांनी दिली! तिसरीच्या वेळी काकूच दारातून ओरडल्या, "अहो, काढा एकदाच्या! आता मिशांनाच लाज वाटायला लागली असेल." नेहमीच्या मिसळवाल्याकडे तर ते थाळी पिशवीत घालून गेले. "ऐका हो ऐका! दिवाळीपासून मी झणझणीत रश्श्याला सपोर्ट देणार नाही! मध्यम रश्श्यावर येतोय!" मिसळवाला हात जोडून म्हणाला, "काका, तुम्ही दह्यावर आले तरी चालंल, पन दुकानात वाजवू नका. गिऱ्हाईक उठून चाललंय, त्याला वाटतंय गॅस गळतोय."

मी या माणसाच्या राज्यात आले ती झाडलोट आणि चहा करायला. मी भंडाऱ्याकडची. आठवीतून शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि नवऱ्याच्या टेम्पोमागोमाग नाशकात आले. आमचं ऑफिस गंगापूर रोडच्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर आहे. द्राक्षवाल्या शेतकऱ्यांसाठी तिथं मोबाइलमधलं एक अ‍ॅप बनतं. बागेवर कोणतं औषध कधी फवारलं ते त्यात लिहून ठेवायचं, म्हणजे माल परदेशी जाताना कुणी विचारलं तर फोन पुढे करता येतो. एक दिवस मी चहा ठेवत होते, तर काकांनी एक जुना फोन माझ्या हातात दिला. "सुनंदा, यात एक फवारणी लिहून दाखव." मला जमेना. नोकरी गेली असं वाटून डोळ्यांत पाणी आलं. आणि काका? काका आनंदानं उडालेच. "निखिल, बघ! हिला कळलं नाही!"

निखिल आमचा प्रोग्राम लिहिणारा पोरगा. तो म्हणाला, "काका, यात खूश होण्यासारखं काय आहे?"

"अरे, तुम्हाला सगळं कळतं, तिथंच घोळ आहे. हिला जिथं अडलं तिथंच दिंडोरीचा माणूस अडणार. आजपासून ही आपली तपासनीस."

तेव्हापासून न कळणं ही माझी नोकरी झाली. आमच्या घराण्यात न कळण्याबद्दल मार खाल्लेले पुष्कळ आहेत, पगार मिळालेली मी पहिलीच. मला एक टेबल मिळालं, आणि त्याच्या खणात जुने फोन, कुणाची काच तडकलेली, कुणाचं झाकण रबरानं बांधलेलं. अ‍ॅपमध्ये काही नवं झालं की मी ते त्या फोनांवर चालवून बघायचं आणि अडलं की हाक मारायची. सुरुवातीला मी एवढ्या हाका मारायचे की निखिल कानात बोळे घालून बसायचा.

सुखाला दृष्ट लागते म्हणतात तसं झालं. एका दसऱ्याच्या आधी निखिल काकांसमोर उभा राहिला. तो काय म्हणत होता ते मला कळलं तसं सांगते. अ‍ॅप लिहिताना सगळं घरी लिहीत नाहीत. पुरण आपण घरी शिजवतो, पण पीठ गिरणीतून आणतो, तसे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार तुकडे घेतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. आमच्या अ‍ॅपमध्ये काही लायब्रऱ्या इतक्या जुन्या होत्या की बनवणाऱ्यांनीही त्यांची दुरुस्ती सोडून दिली होती. जुन्या फोनांसाठी त्या ठेवायच्या आणि नव्या फोनांसाठी नव्या आणायच्या, तर दोघींचं एका घरात पटत नव्हतं. निखिल म्हणाला, "एकीचं नीट केलं की दुसरी रुसते, काका. माझं निम्मं आयुष्य भांडणं सोडवण्यात चाललंय. काढून टाकू आजच."

"आज?" काका असे दचकले, जणू त्यानं कुणाला गच्चीवरून ढकलायची परवानगी मागितली होती. "छाटण्या चालू आहेत. पुढं फवारण्या, मग खुडा. हंगामात कुणाचा हात सोडतात का? खुडा आटपू दे. अक्षय्य तृतीया." आणि त्यांनी थाळी काढली. "ऐका हो ऐका! अक्षय्य तृतीयेपासून जुन्या लायब्रऱ्यांना आपला सपोर्ट बंद! जुन्या फोनवर नवी आवृत्ती चालणार नाही!"

दवंडी लायब्रऱ्यांची होती, पण मला ती माझीच वाटली. जुने फोन गेले की माझा खण गेला, खण गेला की टेबल गेलं, टेबल गेलं की मी! शिवाय दुसरी भीती होतीच. मी फोन बघून बघून शहाणी होत चालले होते. हल्ली मला कळायला लागलं होतं! ज्या एका गुणावर नोकरी मिळाली तोच आटत होता. मग मी न कळल्याचं सोंग करायला लागले. मुद्दाम चुकीचं बटण दाबायचं आणि "काका, अडलं जी!" म्हणून ओरडायचं. काकांनी एकदा चष्म्यावरून बघितलं. "खोटं अडतेस. खरं अडलं की तुझ्या कपाळाला आठी पडते." त्या दिवसापासून मी आरशासमोर आठीचा सराव सुरू केला. नवरा म्हणाला, "तुझ्या काळजीवर टेम्पो चालला असता तर डिझेल भरावं लागलं नसतं."

दुसरी दवंडी संक्रांतीला. ती ऑफिसात देऊन काय उपयोग, ऐकणारे तर बागेत! म्हणून काका थाळी आणि मला घेऊन एसटीनं दिंडोरीला निघाले. तिथं द्राक्षाच्या क्रेटांमध्ये उभं राहून त्यांनी जे बडवलं, त्यानं आधी कुत्री पळाली आणि मग माणसं जमली. कुणाला वाटलं नवं औषध आलं, कुणाला वाटलं निवडणूक. अप्पा म्हणून एक म्हातारे बागायतदार होते. त्यांनी खिशातून माझ्या खणातल्या फोनांचा सख्खा भाऊ शोभेल असा फोन काढला. "मी काय नवा घेत नाय. हा लय इमानदार हे. पडला तरी आवाज करत नाय."

काका म्हणाले, "अप्पा, घाई नाही. मी अजून एकदा सांगायला येणार आहे."

"या ना! सांगू नका, नुसते या. द्राक्षं खाऊन जा."

मी त्यांच्या सुनेजवळ बसून नव्या फोनवर नोंद कशी करायची ते दाखवलं. कुठं अडतं ते मला पाठ होतं, सगळीकडे मीच आधी पडून आले होते. पाडव्याला तिसऱ्या दवंडीसाठी गेलो तर अप्पांच्या हातात कोरा फोन! "सून म्हनली, त्या नाशिकच्या बाबाचे हात दुखत असतील, घेऊन टाका." मग फोन काकांसमोर धरून म्हणाले, "आता ह्याच्या नावानं कवा वाजवशाल?"

अक्षय्य तृतीयेला निखिलनं जुन्या लायब्रऱ्या काढल्या. सगळं सुरळीत झालं आणि तो लहान मुलासारखा खुर्चीत गोल गोल फिरला. काकूंनी आमरस पाठवला होता. काकांनी माझा खण उघडून एकेक फोन पुसला, "छान केलंस हो काम," असं प्रत्येकाला म्हणाले आणि पिशवीत ठेवला. खण रिकामा झाला. मी आमरसाची वाटी बाजूला ठेवली. शेवटी विचारलंच, "काका, माझी दवंडी कधी आहे जी?"

काका म्हणाले, "तुझी? एकदा तरी ऐकलीस का?"

"नाही जी."

"मग? तीनदा ऐकल्याशिवाय इथून कुणी जातं का? वेडी! अप्पांच्या सुनेला तू शिकवलंस तसं आता गावोगावी शिकवायचं आहे. कळायला लागलंय ना? मग ते न कळल्याचं सोंग बंद कर." आमरसाची वाटी माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "त्याला मात्र दवंडी मिळणार नाही. आजच बंद."

मी आत जाऊन भांडी घासायच्या निमित्तानं मनसोक्त रडले. इतक्या लांब, ना गाव आपलं ना शाळा पुरी, आणि आपल्याला न सांगता कुणी टाकणार नाही एवढं माहीत असणं केवढी श्रीमंती आहे, ते मला त्या मोरीत कळलं.

यंदाच्या दसऱ्याला काकांनी पुन्हा थाळी काढली. मला वाटलं, आता चहाचा नंबर. "ऐका हो ऐका! अक्षय्य तृतीयेपासून ऑफिसात काका मिळणार नाहीत! काम निखिल बघेल. काका लेकीकडे राहायला जाणार!" आम्ही हसलो. संक्रांतीला दुसरी झाली तेव्हा कुणी हसलं नाही, आणि चमचाही जरा हळूच वाजला.

पाडवा होऊन गेला, पण तिसरी काही झाली नाही. पाडव्याच्या सकाळी काकांनी मागे वळून हात लांबवला तर खिळा रिकामा.

"सुनंदा, थाळी कुठंय?"

"घासायला घरी नेली जी. पितळ आहे, काळं पडलं होतं."

परवा पुन्हा विचारलं. "अजून घासतेस?"

"चिंच लावून ठेवली आहे, काका."

त्यांनी रिकाम्या खिळ्यावरून एकदा बोट फिरवलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "नीट घास. घाई करू नकोस. आणि चहा ठेव."

थाळी केव्हाच लखलखीत झाली आहे. माझ्या घरी पिठाच्या डब्यामागे ठेवली आहे.