दादाचा ठरलेला शेरा

माझी वहिनी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तारीख उलटलेली एक गोळीही तिच्या हातून गिऱ्हाइकाला जाणार नाही. परदेशात हेच काम करायचं तर आधी इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागते. बोलण्याच्या भागात ती गडबडायची, म्हणून माझा दादा परीक्षक झाला. त्याने फोनवर प्रश्न रेकॉर्ड केले. प्रत्येक प्रश्नानंतर उत्तरापुरती जागा सोडली आणि मग साहेबी थाटात ‘व्हेरी गुड’. उत्तर कसंही येवो, शेरा ठरलेला.

परीक्षेआधीच दादा अचानक वारला. वहिनी तरीही बसली आणि चांगल्या मार्कांनी पास झाली. तो निकाल दोन वर्षंच चालतो. अर्ज कर म्हणून मी तिच्या मागे लागले, ती नुसतं ‘बघू’ म्हणत राहिली. दिवसभर गोळ्यांच्या तारखा तपासणाऱ्या या बाईने स्वतःच्या निकालाची तारीख मात्र उलटू दिली. मी भडकले.

“आता पुन्हा परीक्षा?”

“हो ना, पुन्हा तयारी करायला हवी,” ती म्हणाली. चेहऱ्यावर चक्क समाधान.

काल संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. तिच्या बंद दाराआडून दादाचा आवाज आला. अजूनही माझा हात थांबतोच. तो इंग्रजीत विचारत होता, तुमच्या घरी कोण कोण असतं?

वहिनीने इंग्रजीतच, जराही न अडखळता सांगितलं, “आम्ही तिघं. मी, माझी नणंद आणि माझा नवरा.”

उत्तरापुरती सोडलेली जागा सरली.

“व्हेरी गुड,” दादा म्हणाला.