जुनं खातं

नवऱ्याने पुन्हा तिचा हात मोडला, तेव्हा ती अंगावरच्या कपड्यांनिशी घरातून पळाली. गाव सोडलं, नंबर बदलला, केस कापले. सख्ख्या बहिणीलाही पत्ता सांगितला नाही. दूरच्या शहरात सोफे बनवणाऱ्या एका कारखान्यात तिला काम मिळालं. फोम कापायचा, रेक्झिन ताणून खिळे ठोकायचे. हात जरा वाकडाच जुळला होता, पण ठोका सरळ पडायचा. सोबतच्या बायका तिला 'हातोडीताई' म्हणू लागल्या.

वर्षभराने, भर दुपारी, तो कारखान्यात शिरला.

"काय गं, सापडणार नाहीस असं वाटलं होतं?"

त्याने तिचे केस धरून डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. तो गळा आवळू लागला तेव्हा तिच्या हाताला हातोडी लागली. तिने ती त्याच्या गुडघ्यात घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. खाली पडूनही तो तिचा घोटा सोडेना, म्हणून तिने मनगट ठेचलं. मालकीणबाईंनी मागून मिठी घालून ओढलं नसतं, तर पुढचा घाव त्याच्या डोक्यात बसला असता. हे ती कुणापासून लपवत नाही.

चौकीत हवालदार बाईंनी त्याचा फोन तिच्यासमोर धरला. "ताई, हे फोटो तुमचेच ना?"

शिवून झालेले सोफे, कारखान्याचं दार, तिच्या खोलीची खिडकी. प्रत्येक फोटोवर जागेची नोंद. महिन्यापूर्वी नवा फोन घेताना दुकानदाराने "जुने नंबर आपोआप येतील" म्हणत तिचं जुनंच ईमेल-खातं त्यात घातलं होतं, आणि ते खातं नवऱ्याच्या फोनवर उघडंच होतं. ती इथे फोटो काढायची, तो तिथे बघत बसायचा.

तिने फोटो पुन्हा एकेक करून पाहिले. "म्हणजे मीच त्याला वाट दाखवली?"

"वाट तो शोधत होता. गळा त्याने धरला," बाई म्हणाल्या. "आधी पुरावा उतरवून घेऊ, मग हे खातं बंद करू."

तो लंगडत तुरुंगात गेला. तिने स्वतः नवं खातं उघडलं, नवा पासवर्ड ठेवला आणि फोनमधलं एकेक अ‍ॅप तपासायला बसली. टॉर्चचं अ‍ॅपसुद्धा तिचं ठिकाण मागत होतं.

"तुला रे कशाला हवी मी?" असं म्हणत तिने ते काढून टाकलं.