बोटाएवढी सहा विमानं

बायको जाऊन दीड वर्ष झालं. लोक म्हणतात, काहीतरी लिही, मन हलकं होईल. मन हलकं करायला मी लिहीत नाही, आणि ते होतही नाही. तिनं हट्टानं माझ्याकडून एक काम करून घेतलं होतं, ते कसं झालं तेवढं सांगतो. माझं शिक्षण चौथी. जन्मभर इचोड्याला सडकेवर ट्रक रंगवले.

तेव्हा आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्रातच होता. आमचा एकुलता पोरगा हवाई दलात लागला होता. बाजारात लोक त्याला पायलट म्हणायचे. पायलट कसला, नटबोल्ट आवळणारा. पण लढाईच्या विमानाचे नटबोल्ट, हे खरं.

त्याच सुमारास बायकोच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाला, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब टाकून टिकेल तेवढी टिकेल. कडेचं आधी दिसेनासं होतं. ती म्हणायची, फुंकणीतून पाह्यल्यावानी दिसते. मोठी वस्तू तिला तुकड्यातुकड्यानं दिसे. लहान वस्तू हातभर लांब धरली की मात्र अख्खी दिसे.

पोरगा सुटीवर आला. पेपरातला विमानाचा फोटो तिच्यापुढं धरून म्हणाला, "माय, मी आता याच्यावर हाओ. पयले दुसऱ्या जातीच्यावर होतो."

तिनं कागद असा फिरवला, तसा फिरवला. "हे पंख हाय का शेपूट?"

"राहू दे माय. तुले नाई समजत."

वाईट मनानं बोलला नाही तो. पण तो गेल्यावर दोन दिवस ती माझ्याशीही धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकर थापता थापता म्हणाली, "अवो, डोळे हायेत तवरिक मले त्याचं इमान वळखाचं हाये. पुढच्या सुटीत मीच सांगीन त्याले, कोणतं ते."

"इमान का दारात येते तुह्या?"

"येत नाई मनूनच तुमाले सांगून राह्यली. लहान लहान करा."

पोराला पत्र धाडलं. त्यानं वहीच्या पानावर सहा जातींची चित्रं काढून पाठवली आणि खाली लिहिलं, कोणतं कुठं उभं असते ते विचारू नका. ते पान घेऊन मी निर्मलला गेलो. तिथं हलक्या लाकडाची खेळणी करतात. एका कारागिरानं बोटाएवढी सहा विमानं कोरून दिली. रंग मात्र मी म्हटलं माझाच.

आठ दिवस खपलो. खारीच्या केसांचा ब्रश, तोही कापून बारीक केला. प्रत्येक विमानाला कमळ काढलं, पंखांना किनार ओढली, नाकावर डोळे काढले, शेपटीवर मोर. ट्रकवर दहा हातांत मावतं ते मी बोटावर बसवून दाखवलं. छाती फुगवून तिच्यापुढं मांडलं.

तिनं एकेक उचललं, लांब धरलं, ठेवलं. मग म्हणाली, "साऱ्या नवऱ्याच नटवून बसवल्या तुमी एका मांडवात. त्याच्यातली माह्या पोराची कोणती?"

मी चिडलो. म्हटलं, निळी किनार एकाला, लाल दुसऱ्याला, दिसत नाही का? म्हणाली, नाही दिसत. मग मलाच लाज वाटली.

ती नार्नूरकडची. लहानपणी तिनं साऱ्या गावाच्या शेळ्या वळल्या. ती म्हणाली, "आमच्या कळपात बारा घरच्या शेळ्या. दिवस बुडताना धुरळ्यात रंग काय दिसते? कोणाची खूण शिंगाले, कोणाची पाठीले, कोणाची शेपटाले. जागा पाह्याची, रंग नाई."

मी सहाही विमानं घासून कोरी केली. मोर घासताना जीव तुटला, पण घासला. सगळ्यांना एकच काळा रंग दिला आणि वर पांढऱ्याची एकेक खूण, नंबर प्लेटवर देतो तसा दाट हात. माल वाहायचं जाडं विमान, त्याच्या कमरेला पट्टा. बाँबवाल्याला पाठीवर कणा. पोरांना उडवायला शिकवायचं, त्याचं नाक पांढरं. टेहळणीवाल्याचा एकच पंख पांढरा. राहिली दोन, आणि ती जुळ्या भावांसारखी. एक पोराचं जुनं, एक नवं. जुन्याच्या दोन्ही पंखांची टोकं रंगवली, नव्याची शेपटी. रोज दुपारी ओट्यावर मी मांडायचो, ती ओळखायची. चुकली की पुन्हा. महिनाभरात चुकायची थांबली.

पोरगा पुढच्या वेळी आला तेव्हा नजर आणखी आवळली होती. तिनं त्याला बाजेवर बसवलं आणि सहाही जाती धडाधड सांगितल्या. शेवटी शेपटीवालं उचलून म्हणाली, "तू आता याच्यावर."

पोरानं विमान तिच्या हातातून घेतलं आणि वर धरलं. "बाबा, याचं पोट तं कोरंच हाये. इमान वरून जाते. खालून दिसते ते पोट. पाठ कोण पाह्यते?"

शेळीला माणूस वरून पाहतो. ट्रकचं पोट तर मी जन्मात रंगवलं नव्हतं. आम्हा दोघांच्याही डोक्यात हे आलं नाही.

बायको म्हणाली, "मंग मले अर्धंच येते." पोरगा म्हणाला, पुरे झालं माय, खूप झालं. ती म्हणाली, "तू गप बस. सुटी किती उरली?"

"चार दिवस."

एनॅमल सुकायला एक दिवस जातो, दाट हात असेल तर दोन. मी दुकान बंद ठेवलं. गिऱ्हाईक येऊन शिव्या देऊन गेलं. सहा पोटं रंगवली, वरची खूण जिथं तिथंच खालची. दोन दिवस विमानं दोऱ्यानं टांगून ठेवली.

पोराच्या निघायच्या दिवशी सकाळी ती अंगणात बाजेवर उताणी झोपली. मी एकेक विमान शेपटीला धरून तिच्या वरून नेऊ लागलो. अंगठ्याखाली खूण झाकली जात होती. ती म्हणाली, "शेपूट सोडा. पाठीकडून धरा. आन हळू उडवा, मले फुंकणीत घिऊ द्या."

मी हळू उडवलं. पट्टा, कणा, नाक, एक पंख. चार बरोबर. पाचव्याला ती थांबली. पोरगा बॅग खांद्यावर घेऊन दाराशी उभा. मी हात तसाच वर धरून ठेवला, खांदा भरून आला तरी.

"टोकं पांढरे," ती म्हणाली. "हे तुहं जुनं."

सहावं वर न्यायच्या आधीच पोरानं बॅग खाली ठेवली, ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः तिच्या वरून नेलं. ती बराच वेळ बघत होती. ओळखायला नव्हे, ते तर तिला कळलंच होतं.

"काय रे," तिनं विचारलं, "याचा कोणता नट तू आवळते?"

पोरगा बाजेच्या कडेला टेकला आणि सांगू लागला. बस त्यानं जाऊ दिली.