न हलणाऱ्या सायकलचं शुद्धिपत्रक

बाजार खुला होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि यमुनेपलीकडे नोएडात आमची सोसायटी नुकतीच उभी राहिली होती. सभासद बहुतेक केंद्र सरकारातले, त्यात आम्ही दहा-बारा मराठी घरं. दिल्लीच्या सरकारी कॉलन्यांत एक सोय असते. घराच्या आकारावरून माणसाचा हुद्दा कळतो. इथे मात्र पहिल्यांदाच सहसचिव, सेक्शन ऑफिसर आणि स्टेनो एकाच जिन्यावर, एकाच मापाच्या घरांत राहायला आले. कोणी कोणाला आधी नमस्कार करायचा, हा प्रश्न लिफ्टमध्ये रोज उभा राहायचा.

सहसचिव चौथ्या मजल्यावर राहत. त्यांना आम्ही मोठे साहेब म्हणत असू. मी, सेक्शन ऑफिसर, तिसऱ्यावर. माझ्या खाली आमच्याच मंत्रालयातले एक स्टेनो, मूळचे लातूरकडचे मुसलमान. टायपिंग असं की खोडरबर त्यांच्या टेबलावर शोभेला असायचं. ते रोज सायकलने ऑफिसला जायचे. यमुनेचा पूल ओलांडून, उलट्या वाऱ्यात, जेवणाचा डबा हँडलला अडकवून.

मोठे साहेब एका परदेश दौऱ्यावरून व्यायामाची सायकल घेऊन आले. पुढे एक जड चाक, त्याला गुंडाळलेला पट्टा, आणि पट्टा आवळायला एक ते दहा आकड्यांची चावी. महिनाभरात त्या सायकलवर स्वेटर वाळू लागले, तेव्हा साहेबांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, ती सोसायटीच्या हॉलला दान केली. माझी बायको हॉलमध्ये येऊन बघून गेली आणि म्हणाली, "ऑफिसात करता तेच की हे. पाय हलवायचे आणि पुढे सरकायचं नाही."

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळींनी ठरवलं की संक्रांतीला पानिपतला जायचं, काला अंबला, तिसऱ्या लढाईच्या स्मारकाला, डोकं टेकवायचं, आणि जायचं ते सायकलने. कल्पना स्टेनोंची. त्यांच्या घरात एक गोष्ट चालत आली होती की त्यांचा कोणी पूर्वज पानिपतावर मराठ्यांच्या तोफखान्यात होता. बैठकीत ते म्हणाले, "आमचा माणूस लातूरकडून पायी गेला आणि परत आला नाही. मी निदान सायकलने जातो आणि जेवायच्या वेळेला घरी येतो." सगळे हसले. ते स्वतः हसले नाहीत, हे मला तेव्हाही दिसलं होतं.

मोठे साहेब म्हणाले, "तयारी शास्त्रीय पद्धतीने झाली पाहिजे." परदेशी सायकलबरोबर एक पुस्तिका आली होती. ती मला दिली, कारण मंत्रालयात कुठलीही पुस्तिका शेवटी सेक्शन ऑफिसरकडेच येते. चाचणी सोपी होती. ठरलेल्या वेगाने पेडल मारत राहायचं. दर तीन मिनिटांनी मी चावी एक आकडा आवळणार आणि मनगट धरून नाडी मोजणार. नाडी वयाच्या मानाने फार वर गेली किंवा पाय मंदावले की थांबायचं. शेवटी पूर्ण झालेला आकडा तो तुमचा नंबर. पुढचा सगळा सराव त्या नंबरवरून ठरायचा. तीन दिवस निम्म्या आकड्यावर निवांत, एक दिवस नंबरच्या एक घर खाली जोरात. नियम मीच केला की पाचाच्या खाली ज्याचा नंबर त्याने मागून मॅटाडोरमध्ये यायचं.

एका रविवारी चाचणी झाली. मोठे साहेब चारवर थांबले. घाम पुसत म्हणाले, "पट्टा फार घट्ट आहे." स्टेनो सात पूर्ण करून उतरले आणि लगेच बोलू शकत होते. माझा पाच. तो खरा होता, एवढं तरी माझ्या बाजूने नोंदवा.

मी घरी येऊन यादी करायला बसलो. नंबरच्या उतरत्या क्रमाने लिहायची तर सर्वांत वर स्टेनो आणि तळाला सहसचिव. माझा हात थांबला. आयुष्यात मी अशी यादी कधी पाहिली नव्हती. मग मी ज्येष्ठतेनुसार नावं लिहिली. आता सगळ्यात वर मोठे साहेब, आणि त्यांच्यापुढे चार. ते आणखी वाईट दिसत होतं. मी दोघांचे नंबर अदलाबदल केले. वर सात, खाली चार. यादी कशी शिस्तीत दिसू लागली. मला कोणी सांगितलं नव्हतं. मोठ्या साहेबांनी तर नाहीच. मशीनला वरिष्ठता कळत नव्हती, ती मी शिकवली.

सूचनाफलकासाठी यादी टाइप करायला मी कोणाकडे दिली असेल? स्टेनोंकडे.

कागद वाचून ते म्हणाले, "साहेब, मला वाटलं मी सातपर्यंत गेलो."

"पट्टा सैल पडला होता," मी म्हणालो. "मी नंतर हिशेब लावला. आणि तुमची नाडी मला जरा बरी वाटली नाही."

"अच्छा," ते म्हणाले, आणि स्वतःच्या नावापुढे चार टाइप केला. एकही चूक न करता.

पुढचे पाच आठवडे मोठे साहेब स्टेनोंच्या नंबरावर सराव करत होते आणि स्टेनो साहेबांच्या. स्टेनो दोनवर सायकल फिरवायचे, ताक घुसळावं तसे. म्हणायचे, "साहेब, घामच येत नाही." मी म्हणायचो, "तेच तुमच्या तब्येतीला योग्य आहे." तिकडे मोठे साहेब सहावर जोर लावून कठडा धरून जिना उतरू लागले. वहिनी विचारायच्या, "शास्त्रात गुडघे शेकायचं कुठल्या पानावर आहे?" पाच आठवड्यांनी दुसरी चाचणी घ्यायची होती. ती मी पुढे ढकलली, आणि पुढे ढकललेल्या गोष्टींचं सरकारात जे होतं ते तिचं झालं.

संक्रांतीला कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनासमोरून आम्ही आठ जण निघालो. धुकं असं की पुढच्याची फक्त कानटोपी दिसत होती. मागे मॅटाडोर, आणि तिच्यात ड्रायव्हरशेजारी मांडीवर तिळगुळाचे डबे घेऊन स्टेनो.

मुरथलला ढाब्यावर थांबलो तेव्हा मोठे साहेब सायकलवरून उतरले ते खाटेवर आडवेच झाले. पायात गोळे आले होते. भला माणूस. म्हणाले, "माझं संपलं. माझी सायकल आहे ना, स्टेनोंना द्या. त्यांची फार इच्छा होती."

स्टेनोंनी डबे खाली ठेवले. हात पँटला पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं, कारण यादी माझ्याकडे होती.

तिथे मी सांगू शकलो असतो. गंमत म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण मोठे साहेब समोर होते, आणि सात नंबरचा माणूस मुरथलला का पडला, हेही मग सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "नको. चारच आहे त्यांचा. रस्त्यात काही झालं तर?"

"बिल्कुल," स्टेनो म्हणाले, आणि डबे पुन्हा उचलले.

काला अंबला सगळ्यांनी फुलं वाहिली. स्टेनो मागे उभे राहिले आणि दगडाकडे बघत हळू म्हणाले, "आलो, बाबा. पण गाडीत बसून."

त्यानंतर त्यांनी सायकल विकून टाकली. चार्टर्ड बसने जाऊ लागले. त्यांच्या बायकोने जेवणातलं मीठ बंद केलं. डॉक्टर म्हणायचे हृदयाला काही झालेलं नाही, तर ते म्हणायचे, "डॉक्टरांनी पाच मिनिटं पाहिलं, आमच्या साहेबांनी एकवीस मिनिटं नाडी धरली होती." कोणी पत्ते खेळताना, कोणी फिरायला जाताना हाक मारली की म्हणायचे, "चला तुम्ही. मी चार नंबरचा माणूस." लोक हसायचे. मीही हसायचो. तीस वर्षं हसलो. मोठे साहेब सात नंबरचा अभिमान घेऊन गेले. वहिनींनी ती यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती.

यंदा सोसायटीत नवी जिम झाली. तिथल्या सायकलला पडदा आहे आणि आकडे ती स्वतःच लिहिते, कोणाच्या हातात काही राहत नाही. आम्ही दोघे म्हातारे दारातून बघत होतो. तिथल्या शिकवणाऱ्या मुलीने स्टेनोंना आग्रह केला. ते म्हणाले, "बेटा, मैं चार नंबर का आदमी हूँ." तरी तिने बसवलं. अगदी हळूहळू जोर वाढवत दहा मिनिटांनी म्हणाली, "अंकल, आपका दिल तो बहुत बढ़िया है!"

ते उतरून माझ्याकडे वळले. "नवीन आहे, पण मशीन बिघडलंय."

यंत्रावर नाही, माझ्यावर विश्वास. मला तिथे उभं राहवेना. त्याच दुपारी मी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग आत हाक मारली, "अगं, मीठ आण."

"चहात?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"आण तर." त्यांनी डबी समोर ठेवली आणि मला म्हणाले, "सात?"

"सात."

"मुरथललाही माहीत होतं?"

"होतं."

"चाचणीचं मी समजू शकतो, साहेब. नोकरी होती. पण मुरथलला तुमच्यासमोर फाईल नव्हती. परांठा होता."

त्यांची बायको दारात उभी होती. म्हणाली, "तीस वर्षं लिफ्ट बंद पडली की मी यांना जिन्यावर दोनदा बसवून आणते. माझेच गुडघे गेले वाट बघून." तिला हसू येत होतं की रडू, मला सांगता येणार नाही.

स्टेनोंनी कपाटातून वही आणि पेन्सिल काढली. "चुकीची यादी सूचनाफलकावर लागली होती. आता रीतसर शुद्धिपत्रक निघालं पाहिजे. सांगा, मी घेतो."

म्हणजे इथपर्यंत तुम्ही जे वाचलंत ते मी सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं. 'माझ्याकडून अनवधानाने बदल झाला' असं मी म्हटलं तेव्हा पेन्सिल थांबली. "अनवधानाने?" मी म्हणालो, "खोडा." मग लिहिणं पुढे चालू झालं.

त्यानंतरच्या संक्रांतीला आम्ही गाडीने पानिपत गावापर्यंत गेलो. डॉक्टरांना आधी विचारलं होतं. तिथे त्यांनी नातवाची सायकल डिकीतून काढली, कानटोपी घातली आणि मला म्हणाले, "तुम्ही मागून गाडीत या, ड्रायव्हरशेजारी बसा. डबे मांडीवर घ्या, तिळगूळ सांडू देऊ नका."

मी बसलो. काला अंबपर्यंतचा रस्ता ते माझ्यापुढे चालवत गेले. दोनदा थांबले, एकदा उतरून चालले. तिथे पोचल्यावर दगडासमोर काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, मी डबे उतरवत होतो.

मग येऊन त्यांनी माझ्यापुढे मनगट धरलं. मी घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट नाडी मोजली.

"किती?"

जेवढी होती तेवढी सांगितली.