पिवळ्या रंगामागचा थर

गाडी भोपाळ स्टेशनात शिरली तीच उशिरा. दुपारी एका कड्यावर सिमेंट मारणार होते. त्याआधी शैलाताईंना तिथला खडक हवा होता.

शैलाताई ग्वाल्हेरच्या मराठी घरातल्या, भूवैज्ञानिक. गाळाच्या खडकांवरून जुनी हवामानं शोधण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. भोपाळच्या अयोध्या नगरच्या पुढे रस्त्यासाठी टेकडी कापताना वालुकाश्माच्या दोन थरांमध्ये काळ्या चिखलाच्या खडकाचा पट्टा परवाच उघडा पडला होता. पृथ्वीवर झाडंसुद्धा नव्हती तेव्हाच्या समुद्राचा हा चिखल. तो थंडीच्या युगात साचला, असं शैलाताई वर्षानुवर्षं मांडत आल्या आहेत. खरं-खोटं या पट्ट्यातच कळणार होतं.

मी नागपूरहून आले होते आमच्या मासिकासाठी, टेकड्या फोडणाऱ्यांविरुद्ध लिहायला.

रिक्षावाल्याने जवाहर चौकात रिक्षा थांबवलीच. "दीदी, भोपाल आके पोहा-जलेबी नहीं खाओगी?" मी पुडा बांधून घेतला, खायला वेळ नव्हता.

शाहपुऱ्याला शैलाताई घराच्या फाटकातच स्कूटर चालू करून उभ्या होत्या. "बस लवकर. सुपरवायझर मिश्राजींना काल बोलले मी, पट्ट्याला कोणी हात लावू देऊ नका म्हणून. आदमी भला आहे, पण मला चैन नाही गं." तळ्यावरचा वारा तोंडावर येत होता, तरी त्यांच्या मानेवर घाम होता.

कड्यापाशी पोचलो आणि त्या स्कूटरवरून उतरायचंच विसरल्या. काळा पट्टा दिसतच नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत झळझळीत पिवळा रंग.

मिश्राजी हसत पुढे आले. "मैडम, रोड वाला पेंट मारा है। पहले पानी से धुलवाया, फिर दो कोट। अब कोई गलती से भी हाथ नहीं लगाएगा!" (रस्त्यावरचे पट्टे आखायचा रंग, तोही खडक पाण्याने धुऊन, दोन हात मारलेला.)

शैलाताई खडकातला कार्बन तपासणार होत्या. त्यासाठी नमुन्याला उघडा हातही लावत नाहीत, त्वचेच्या तेलातही कार्बन असतो. इथे तर तेलाचा रंग.

"हे मुद्दाम केलंय!" मी ओरडले. "मी त्या सिमेंट फवारायच्या यंत्रासमोर आडवी पडते. बघू कसं सिमेंट मारतात!"

"पडून काय होणार? छिन्नी दे." मग मिश्राजींकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "भैयाजी, आपने तो मेरा इतना खयाल रखा... बस एक घंटा और रुकवा दीजिए।"

मिश्राजींना काय चुकलं ते कळलं नाही, पण काहीतरी चुकलंय एवढं कळलं. त्यांनी फवाऱ्याचं यंत्र बंद करायला लावलं. "एक घंटा, मैडम। ऊपर से फोन आया तो मैं नहीं रोक पाऊँगा।"

रंगाचा थर फोडून आम्ही आत शिरू लागलो. पिवळा रंग भेगांमधून आत झिरपलेला. आणखी खोल. तिथेही पिवळं. शैलाताईंचा छिन्नीवरचा हातोडा थांबत नव्हता. मिश्राजींचा फोन वाजला, ते आमच्याकडे पाठ करून "हाँ सर, हाँ सर" म्हणत राहिले. हातभर आत गेल्यावर काळा, कोरडा, स्वच्छ तुकडा निघाला. मुठीएवढा. चिमट्याने धरून, वरची बाजू कोणती त्याचा बाण छिन्नीच्या टोकाने ओढून, त्यांनी तो ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळला.

मागे यंत्र घरघरलं आणि पट्टा करडा होत गेला.

"निकाल तुमच्या विरुद्ध गेला तर?" परतताना मी विचारलं.

"तर मी चुकले, असं छापायचं. माझ्याच नावाने." पण पुढच्या वळणावर स्कूटर थांबवून त्यांनी गुंडाळलेला तुकडा जागेवर आहे ना ते पुन्हा पाहिलं.

पोहे आम्ही शाहपुऱ्याला खाल्ले, थंडगार.

नागपूरला येऊन मी लेख लिहिला, रस्त्याविरुद्धच, आणि त्यातला शब्दन्‌शब्द मला मान्य आहे. फक्त एक ओळ घालावी लागली: टेकडी फोडली नसती, तर तो पट्टा कोणाला दिसलाच नसता. संपादक म्हणाले, "ही काढ, धार जाते." मी काढली नाही. अंक निघाला त्याच आठवड्यात तो तुकडा प्रयोगशाळेत गेला, आणि त्यातून काय निघालं हे शैलाताईंना विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.