वरचं गणित

आठवीत असताना मी दुर्बिणीला डोळा लावला. शहागडच्या अलीकडं, आमच्या शिवारात, कालव्याचं काम चाललं होतं. माय तिथं माती उचलायला जायची. तिची भाकर घेऊन गेले, तर ओव्हरशियर तिपाईवरच्या दुर्बिणीतून लांबची लाल-पांढरी पट्टी बघत होता. मी घुटमळले, तर त्यानं मलाही बघू दिलं. पट्टी उलटी दिसली.

"उलटी दिसली तरी बराबर आहे. हिच्यावरून पाण्याचा उतार काढतात. नववीला वरचं गणित घे, मग कळेल."

त्या दिवसापासून मला ओव्हरशियर सोडून दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

नववीला विषय निवडायचे होते. आमच्या शाळेत वरचं गणित, म्हणजे बीजगणित-भूमिती, आणि संस्कृत हे विषय एकाच तासाला असायचे. एक घेतला की दुसरा गेला. आमचं घर बौद्ध. बा जयंतीला पत्रकं वाटायचा, मी त्या पत्रकांवरच वाचायला शिकले होते. जे आपल्याला नाकारलं ते आधी मागायचं, हे अंगात भिनलं होतं. नावं लिहून घेताना संस्कृतचे सर आमच्या बाकाकडं बघून हसत म्हणाले, "इकडून कुणी नसणारच."

वर्ग हसला. मी हात वर केला.

संध्याकाळी बानं अख्ख्या वस्तीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गणिताचे सर सायकलवरून घरी आले.

"पोरी, शनिवारपर्यंत नाव बदलता येतं."

"न्हाई सर. घाबरून मागं आली म्हणतील."

"म्हणू दे की! म्हणणारे काय तुझी भूमिती सोडवून देणार हायेत?"

माय चुलीपुढून म्हणाली, "मंग त्या दुर्बिणीचं काय?"

"माय, हा हक्काचा प्रश्न हाय."

"हक्क दोन्हीवर न्हाई का?"

शनिवार गेला.

संस्कृतात मी वर्गात पहिली आले. ते सर पुन्हा आमच्या बाकाकडं बघून हसले नाहीत. तो हात वर केल्याची मला आजही लाज नाही. पण त्या तासाला शेजारच्या खोलीतून फळ्यावर लाकडी कंपास फिरल्याचा आवाज यायचा. माझं पाठांतर तिथंच अडायचं. आता कुठं वर्तुळ पुरं झालं असेल, कुठं रेघ टेकली असेल, याचा मी अंदाज करत बसायची.

यंदा कालव्याला पाणी आलं. कुणाच्या शेताला ते मिळतं आणि कुणाच्या नाही, यावर मी पत्रक लिहिलं. बानं ते बाजारात वाटलं. त्याच दिवशी माय कालव्याच्या काठावर बसली, पाण्यात पाय सोडले आणि म्हणाली, "इतक्या लांबून हे बराबर इकडंच कसं आलं गं?"

"उतार काढतात, माय."

"कसा?"

"पट्टी उलटी दिसते," मी म्हणाले. "तेवढंच बघितलं हाय मी."