न बघता मारलेली गाठ

गिरणीच्या फाटकावर वाटायचं माझं पत्रक तयार होतं. त्यात मी नव्या सिनेमात विणकराची भूमिका करणाऱ्या नायकाला जगातला सर्वांत थोर नट ठरवलं होतं. चहाच्या हॉटेलात ते आवेशानं वाचून दाखवलं, तर एक म्हातारे विणकर हसले.

"तुमचा हिरो धागा सांधताना बोटांकडं बघतो की! आमी बघतो व्हय?"

"मग थोर कोण, मामा?"

"त्याच शिनेमातला, शेजारच्या मागावरचा म्हातारा. भांडत भांडत गाठ मारली गड्यानं!"

मी धावतच मॅटिनी गाठली. खरंच होतं! खुर्चीवर उभा राहून मी टाळ्या वाजवल्या. बाहेर डोअरकीपरला त्या नटाचं नाव विचारलं.

"तसल्यांचं नाव कोण लिहितंय?"

माझं रक्त उसळलं. तसाच छापखान्यात गेलो आणि पत्रक पहिल्या ओळीपासून नव्यानं लिहिलं.